दीक्षेची पावणेआठ वर्षं: अर्जापासून पहिल्या आशीर्वादापर्यंत

परवा एका मुलीचा मेसेज आला, ताई मला पाळकीय सेवेत जायचंय, म्हणजे दीक्षा घेऊन चर्चची पाळक व्हायचंय, डायोसिस ऑफिसला फोन केला तर म्हणतात आधी तुमच्या मंडळीचा ठराव आणा, आणि पाळकसाहेब म्हणतात आधी ऑफिसला विचार, मी नक्की सुरुवात कुठून करू? मला हसूच आलं, कारण २०१७ मध्ये मी पण याच दोन दारांच्या मधे उभी होते. तिला व्हॉट्सअपवर उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकू. एक आधी सांगते, आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया एकच असलं तरी डायोसिस, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा विभाग, बदललं की कागद बदलतात, त्यामुळे हे आमच्याकडचं आहे असं धरून वाचा.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, एका खाजगी शाळेत महिना सहा हजारावर शिकवत होते. आमचं घराणं नेवासे तालुक्यातलं, वडाळा मिशनचं, पणजोबांचा बाप्तिस्मा तिथलाच. १५ जानेवारी २०१७, रविवार, उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, गाठलं आणि म्हटलं, साहेब मला पाचारण झालंय, देवाने या सेवेला बोलावलंय असं वाटतं. ते पाकिटातले पैसे मोजत होते, मान वर न करता म्हणाले, "वाटतं ना? मग लिहून दे." मला फार लागलं ते. रात्ररात्र प्रार्थना करून जे ठरवलं त्याचा अर्ज करायचा? पण त्यांचं म्हणणं असं की पाचारण तुला झालंय हे तू सांगणार, ते खरं आहे की नाही हे मंडळी सांगणार, आणि मंडळीचं बरोबर आहे की नाही हे डायोसिस बघणार. तीन चाळण्या. आता वाटतं बरोबर होतं त्यांचं, तेव्हा नव्हतं वाटलं.

ठराव लगेच झाला नाही. आमच्या कमिटीतले चार पंच ऊसतोडीला गेलेले, कोरम भरेना. मार्चमध्ये ते परत आले तेव्हा मीटिंग लागली. लग्नाचं काय, हा प्रश्न तीन वेळा आला, तीन वेगवेगळ्या तोंडांनी. एकांनी विचारलं की बाईमाणसाने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, दिलेलं चालतं का, त्यावर आमचे सेक्रेटरी म्हणाले अहो आंध्रात नंद्यालला २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या, तुम्ही अजून प्रभुभोजनावरच. त्या बाई सीएसआयच्या, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाच्या, आमच्या नव्हेत, पण वेळ निभावून गेली. ठराव सहा विरुद्ध एक. ज्यांचं मत विरुद्ध होतं त्यांनी नंतर घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाले, तुझ्यावर राग नाही पोरी, मला सवय नाही एवढंच.

मग कागद. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा, दृढीकरणाचा दाखला, दहावी बारावी बी.ए.च्या मार्कशीट, सिव्हिल हॉस्पिटलचं फिटनेस, दोन दीक्षित पाळकांची शिफारसपत्रं, आणि दोन पानी आत्मकथन. आत्मकथन मी अकरा पानी लिहिलं होतं, नऊ पानं फाडायला आठवडा गेला. खरी गोची नावाची झाली. चर्चच्या रजिस्टरला माझं नाव सलोमी, शाळेच्या दाखल्यावर सुनीता. पहिलीत घालताना आजोबांनी मास्तरांना जे सांगितलं ते लागलं. आमच्यातल्या कितीतरी घरांत अशी दोन दोन नावं सापडतील, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर ख्रिस्ती म्हटलं की अनुसूचित जातीची सवलत गेली, तेव्हापासून शाळेत एक नाव आणि देवळात एक नाव हे चालूच आहे, कोणाला दोष देणार. तहसीलला शंभराच्या स्टँपवर ॲफिडेव्हिट केलं, स्टँप, टायपिंग आणि नोटरी मिळून साडेचारशे गेले, आणि दोन चकरा. तुम्हाला सांगते, अर्जाच्या आधी आधार, दाखला आणि बाप्तिस्म्याचा उतारा ही तीन कागदं शेजारी ठेवून नाव, आईवडलांचं नाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. आणि ऑफिसला कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि सही घेतल्याशिवाय उठू नका, कारकून कितीही म्हणू दे की ताई विश्वास नाही का.

मुलाखत २२ ऑगस्टला. समोर सात जण, मधे बिशपसाहेब. बायबलचे प्रश्न सोपे होते. मग एका वयस्कर पाळकांनी विचारलं, "सेवा तर तू आताही करतेस. संडे स्कूल घेतेस, महिला मंडळात बोलतेस. मग हा अधिकार कशाला पाहिजे?" मी म्हटलं, लोक ऐकतील. हे उत्तर देऊ नका! सातही जण एकदम माझ्याकडे बघायला लागले. सावरायला म्हणून मी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतलं, म्हटलं त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाचा स्वतःचा संघ काढला, त्यांना कोणी पाठवलं होतं? ते पाळक शांतपणे म्हणाले, "त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आधी बावीस वर्षं राहिले, मग सोडलं. तू आजच सोडतेस का?"

बाहेर आले तेव्हा वाटलं संपलं. घरी येऊन आजीला सांगितलं तर तिचं तिसरंच. ती जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, म्हणजे काँग्रिगेशनल, तिथे बिशप हा प्रकारच नव्हता, मंडळीने पाळकाला बोलवायचं आणि मंडळीपुढेच त्याने उत्तर द्यायचं. १९७० ला नागपुरात सहा चर्चं एकत्र आली आणि आमच्याकडे बिशप आले. आजीच्या मते तेव्हापासून काम वाढलं. "देवानं बोलावलं, मंडळीनं ओळखलं, मधी ह्यो सायब कशाला?" अधिकार खालून येतो की वरून, यावर जाडजाड पुस्तकं आहेत हे मला नंतर कॉलेजात कळलं, पण प्रश्न आजीने चुलीपुढेच विचारून ठेवला होता.

सात आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली पण लगेच कॉलेज नाही, आधी सात-आठ महिने दुसऱ्या मंडळीत एका पाळकांच्या हाताखाली काम, मानधन महिना तीन हजार. नेमकं ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यांच्याकडेच! त्यांनी मला पहिले दोन महिने एकही संदेश देऊ दिला नाही. चर्च उघडायचं, सतरंज्या अंथरायच्या, आजाऱ्यांच्या घरी त्यांच्यामागे जायचं आणि गप्प बसायचं. मी मनात चिडायची. घरोघरी ते काय बोलतात यापेक्षा किती वेळ काहीच बोलत नाहीत हे मी मोजायला लागले.

जून २०१८ ला पुण्याला थिऑलॉजिकल कॉलेज. बी.डी.ची, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीची, चार वर्षं, फी आणि मेस मिळून जवळपास एक लाख नव्वद हजार, त्यातलं अर्धं डायोसिसने दिलं आणि त्याबदल्यात पाच वर्षं सेवेचा बाँड. बाँड नीट वाचून सही करा, मी न वाचता केली होती. शिकवणं इंग्रजीत, पहिलं वर्ष माझं डिक्शनरीतच गेलं. पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची. ते कॉलेज कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढलं, पण पदवी द्यायचा अधिकार मिळाला १८२७ ला डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने, कारण सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती. म्हणजे माझ्या पदवीवर कुठल्यातरी लांबच्या राजाची उधारी आहे. हाच कॅरी ज्याने १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, तो मुळात चांभारकाम करणारा माणूस.

ग्रीकच्या तासाला मात्र मला माझं मुलाखतीतलं उत्तर परत आठवायचं. प्रेषित हा शब्द ज्या क्रियापदावरून येतो त्याचा अर्थ नुसता पाठवणे. येशूने बारा शिष्यांना पाठवलं तिथे शुभवर्तमान लिहिणारा लूक दोन शब्द वापरतो, एक सामर्थ्य आणि एक अधिकार. सर म्हणाले फरक सांगा. कोणालाच सांगता येईना. मग ते म्हणाले, "गावात कोतवाल येतो नोटीस घेऊन. फाटकी चप्पल, स्वतःचं घर गळकं. पण त्याला बघून पाटील खाटेवरून उठतो की नाही? का उठतो? आणि नोटीस हरवली तर त्याच कोतवालाला कोण विचारतं?" तो तास संपल्यावर मी बराच वेळ बाकावरच बसून होते. अजून एक गंमत, मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो काठी घ्या, बाकी काही नको. मत्तय आणि लूक म्हणतात काठीही नको. सरांनी हाच प्रश्न परीक्षेला दहा मार्कांना टाकला. मी लिहिलं की काठी असो नसो, पिशवी आणि पैसे नकोत यावर तिघांचं एकमत आहे, म्हणजे ज्याच्या घरी उतराल त्याच्या ताटातलं खायचं. सहा मिळाले.

मार्च २०२० ला लॉकडाऊन, हॉस्टेल रिकामं. गावी नेटवर्क नाही म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढून लेक्चर ऐकायची, खाली पोरं ओरडायची, ताई आत्महत्या करू नका.

एप्रिल २०२१ चं सांगायलाच हवं. शेजारच्या वाडीतल्या एक आजी कोविडने गेल्या. आमचे पाळकसाहेब स्वतः ऑक्सिजनवर. आजींच्या मुलाचा मला रात्री नऊला फोन, ताई कोणी येईना, तू येशील का. मी ना डीकन (दीक्षेची पहिली पायरी) ना काही, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मला कायद्याने चालतं का, चर्चच्या नियमाने चालतं का, काही कळेना. पाळकसाहेबांना मेसेज टाकला. त्यांना बोलता येत नव्हतं. वीस मिनिटांनी उत्तर आलं, "तू जा. मी पाठवतोय." बस एवढंच.

कब्रस्तानात आम्ही पाच जण. नगरपरिषदेचे दोन कर्मचारी, मुलगा, त्याचा मेहुणा आणि मी. पीपीई किटमध्ये चष्म्यावर वाफ, उपासनेचं पुस्तक दिसेना, मग जे पाठ होतं ते म्हटलं. कर्मचाऱ्यांपैकी एकाने स्वतःहून डोक्यावरची टोपी काढली, किटची टोपी, मी हाताने खूण केली की घाला घाला. शेवटी लहानपणापासून ऐकलेलं तेच म्हटलं, प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांसह असो. मुलाने हात जोडले. घरी येऊन बाहेरच अंघोळ केली आणि दहा दिवस गोठ्यात झोपले.

तो मेसेज मी जपून ठेवलाय, फोन दोनदा बदलला तरी. पाळकसाहेब वाचले, जिना चढताना अजून धापा टाकतात.

२०२२ च्या एप्रिलमध्ये शेवटचे पेपर दिले आणि मला वाटलं आता महिन्या दोन महिन्यात दीक्षा. पण आमचे बिशप वय पूर्ण होऊन निवृत्त झाले आणि नवीन नेमणूक होईपर्यंत दीक्षा बंद, कारण हात ठेवणार तो बिशपच. प्रभारी होते पण त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं डायोसिस. अकरा महिने गेले. या काळात आठ हजारावर एका मंडळीत मदतनीस, लोक विचारायचे शिक्षण झालं ना मग झगा का नाही. फिटनेस सर्टिफिकेट सहाच महिने चालतं म्हणून ते दोनदा नवीन काढावं लागलं. हा टप्पा सगळ्यात वाईट होता, आधीचा अभ्यास, गरिबी, पंचांचे प्रश्न याच्यापेक्षाही, कारण करायला काहीच नव्हतं. मी बी.एड.चा फॉर्म पण आणला होता. भरला नाही, कपाटात आहे.

शेवटी २१ मे २०२३ ला डीकनची दीक्षा. आधी दोन रात्री रिट्रीट, मौन, फोन जमा. कपड्यांचं सांगते, टेलरकडे फक्त पुरुषांच्या कॅसकचं, म्हणजे पायघोळ झग्याचं, माप, मी म्हटलं दादा छातीला सोडा आणि खिसा ठेवा, त्याने खिसा ठेवला आणि छातीला सोडायचं विसरला. कॅसक अठ्ठावीसशे, वरचा पांढरा सरप्लिस बाराशे, दुरुस्तीचे तीनशे. स्टोल, म्हणजे खांद्यावरचे लांब पट्टे, महिला मंडळाने दिले, पांढरा, लाल, हिरवा, जांभळा, चारही हाताने भरलेले. महिनाभर आधी शिवायला टाका.

डीकन झालं म्हणजे अर्धवट काहीतरी होतं, असं मला वाटलं होतं, कारण स्टोल पण एकाच खांद्यावरून तिरका घालतात. काय करता येत नाही त्याचीच यादी मोठी. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस यांवरची अर्पणाची प्रार्थना नाही म्हणायची, पापक्षमेची घोषणा नाही करायची, आणि आशीर्वाद नाही द्यायचा. म्हणजे शेवटी कृपा म्हणायची, पण "तुम्हा सर्वांसह" नाही, "आम्हा सर्वांसह". एक अक्षर. मला कब्रस्तान आठवलं आणि पोटात गोळा आला. ज्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा काम केलं त्या म्हाताऱ्या पाळकांना जाऊन सांगितलं की साहेब मी २०२१ ला तुम्हा म्हटलं होतं. ते खूप हसले, इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, आता वर्षभर आम्हा म्हण, अंगात मुरू दे.

वर्षाचे पंधरा महिने झाले. १ सप्टेंबर २०२४, रविवार, प्रेसबिटरची, म्हणजे पूर्ण पाळकाची, दीक्षा. बिशपसाहेबांनी लोकांना विचारलं की हिला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का, आणि लोक म्हणाले आहे. आजी पुढच्या बाकावर, तिचा आवाज सगळ्यांच्या आधी आणि एकटाच आला. उपासना झाल्यावर मला म्हणाली, "आमाला इचारलं ना, मंग ठीक हाय."

हस्तारोपणाच्या वेळी गुडघ्यावर बसलात की खाली पातळ उशी असते, तरी गुडघे आधीपासून सवयीचे करा. बिशप आणि बारा पाळक, सगळ्यांचे हात डोक्यावर आणि जे मागे राहिले त्यांचे खांद्यावर. कोणी सांगत नाही की ते इतकं जड असतं. मान खाली जाते अक्षरशः. त्यात कोविडमधून उठलेल्या आमच्या पाळकसाहेबांचं घड्याळ माझ्या क्लिपेत अडकलं, सगळ्यांचे हात निघाले आणि त्यांचा निघेना, ते कानाशी पुटपुटतायत थांब हलू नकोस, आणि मी प्रार्थनेत आहे असं समजून बिशपसाहेब थांबलेले. व्हिडिओत ते फार पवित्र दिसतं. मुलींनो, क्लिप लावू नका, साधी वेणी घाला. मग हातात बायबल दिलं आणि स्टोल दोन्ही खांद्यांवरून समोर सरळ केला.

तीन दिवसांनी ऑर्डर आली. मला वाटलं होतं आईला गुडघ्याचा त्रास आहे, मी अर्जात लिहिलंही होतं, जवळपास देतील. मिळालं १४० किलोमीटरवर, एक मोठं चर्च आणि भोवतीच्या चार वाड्या, १५ तारखेला हजर व्हा. रडले थोडी. ऑफिसला जाऊन बदलून मागावं असं मनात आलं, मग म्हटलं पाठवणं म्हणजे दुसऱ्याने ठरवणं, निवडून गेले असते तर ती सहल झाली असती. अर्थात हे मोठं वाक्य आता सुचतंय, तेव्हा फक्त टेम्पोवाल्याला फोन करत होते. ६,५०० ठरले.

तिथे एक सुवार्तिक, म्हणजे सुवार्ता सांगणारे चर्चचे सेवक, आहेत, साठीचे, स्प्लेंडरवाले. दोघा दोघांना पाठवलं असं मार्कात आहे तसं आम्हा दोघांना पाठवलेलं आहे, ते गाडी चालवतात आणि मी मागे बॅग धरून. त्यांनी चर्चची किल्ली, तीन रजिस्टरं आणि दानपेटीचं कुलूप दिलं आणि सही घेतली. चार्ज घेताना रजिस्टरं मोजून, शेवटच्या नोंदीचा नंबर लिहून घ्या. गावात पहिली बातमी गेली ती पाळकीणबाई आल्या अशी. दोन म्हाताऱ्या भेटायला आल्या, चहा प्यायल्या, घरभर बघितलं आणि विचारलं, "साहेब कुठं गेलेत?" मी म्हटलं साहेब मीच. एक म्हणाली, अगं बाई. दुसरी म्हणाली, मग आमच्या सुनेशी बोलायला तुम्हालाच पाठवते, मागच्या साहेबांना सांगायची लाज वाटायची. त्या सुनेकडे मी त्याच संध्याकाळी गेले आणि काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही.

पहिला रविवार, १५ सप्टेंबर. ऊसतोड सुरू व्हायला अजून वेळ, त्यामुळे चर्च भरलेलं, दाराबाहेर चपलांचा ढीग. प्रभुभोजनाच्या वेळी हात थरथरले पण पेला सांडला नाही. सगळं झालं, शेवटी हात वर केला आणि पंधरा महिन्यांच्या सवयीने तोंडातून गेलं, "आम्हा सर्वांसह असो." मागून सुवार्तिक दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हा. तुम्हा." पहिल्या सतरंजीवरची पोरं खिदळली. मी परत हात वर केला आणि परत म्हटलं, यावेळी बरोबर.

त्या मुलीला एवढंच लिहायचं राहिलंय की टेम्पोची पावती ओरिजनल ठेव, झेरॉक्सवर पैसे मिळत नाहीत. माझं बिल अजून पास व्हायचंय.